भूल देणाऱ्या डॉक्टरांची स्नोमोबाइल

मी एक जुनी स्नोमोबाइल आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेलं नसेल. पुढे दोन स्की, मागे फिरणारा रबरी पट्टा आणि वर मोटरसायकलसारखी बैठक, अशी मी बर्फावर चालणारी गाडी. कॅनडातल्या कारखान्यात मी घडले आणि जहाजाने स्कॉटलंडला आले. इन्व्हर्नेसजवळच्या एका स्की केंद्रावर सात हिवाळे मी सपाट वाटांवर सामान ओढलं. मग नव्या गाड्या आल्या आणि मला डोंगरावरच्या बचाव पथकाला देऊन टाकलं.

त्या पथकात डॉक्टर कमलाकर होते. मूळचे मिरजेचे. इस्पितळात शस्त्रक्रियेआधी रोग्यांना भूल देणं हे त्यांचं काम. २००३ साली एक बाई उभ्या चढाच्या माथ्यावर जखमी झाली. तिला हातांवर उचलून खाली आणायला चार तास लागले. थंडीने तिच्या पायाची बोटं गेली. तेव्हापासून डॉक्टरांचा एकच ध्यास होता: स्ट्रेचरची घसरगाडी ओढत मी तो चढ चढायला हवा.

पथकप्रमुख इयन हसला. "डॉक, ही म्हातारी चढली तर ठेवू. नाही तर भंगारात."

डॉक्टरांनी मला घरच्या गॅरेजमध्ये नेलं. पट्ट्यावर उंच दाते बसवले, वेगापेक्षा जोर मिळावा म्हणून गिअरची चाकं बदलली. शनिवार-रविवारी एडिनबरोहून त्यांची मुलगी नीना यायची. डॉक्टर काम करताना माझ्याशी बोलत.

"बाबा, पेशंटशी पण एवढं बोलता का?"

"पेशंट झोपलेला असतो गं. ही झोपली तर पंचाईत."

इंजिनात पेट्रोल सोडणारं एक बारीक छिद्राचं जेट असतं. एका अमेरिकन पुस्तकात वाचून डॉक्टरांनी ते आणखी लहान बसवलं. पहिल्याच चाचणीत, अर्ध्या चढावर, माझा पिस्टन तापून जाम झाला. मला दोरांनी खाली उतरवावं लागलं.

इयन म्हणाला, "जानेवारीत शेवटची संधी."

डॉक्टरांनी पुस्तक पुन्हा उघडलं आणि पहिल्या पानापासून वाचलं. "नीना, हे दहा हजार फुटांवरच्या डोंगरांचं आहे. तिथे हवा विरळ, म्हणून पेट्रोल कमी लागतं. आपला डोंगर जेमतेम तीन हजारांचा; इथे पेट्रोल कमी पडलं आणि इंजिन तापलं. आयुष्यभर वजन पाहून डोस दिला, आणि हिला दुसऱ्याच पेशंटचा दिला!"

"मग हिला सॉरी म्हणा."

ते खरंच म्हणाले. नवा पिस्टन आला, मोठं जेट आलं. क्लचमधली वजनं त्यांनी एकेक करून बदलली, चढावर माझा जोर टिकेपर्यंत. काम नोव्हेंबरमध्ये संपलं. डिसेंबरात हृदयविकाराने डॉक्टर गेले.

जानेवारीतल्या त्या सकाळी नीना आली. इयनने टोपी काढली. "तू नको चालवू, पोरी. मी चालवतो."

"नाही. बाबांनी मला शिकवलंय. मधे थांबायचं नाही, एवढंच ना?"

मागे घसरगाडीत वाळूची पोती होती, माणसाच्या वजनाची. नीना उभी राहून पुढे झुकली आणि तिने अंगठ्याने वेगाचा खटका पूर्ण दाबला. मागच्या वेळी जिथे बंद पडले होते तिथे माझा आवाज जरासुद्धा बदलला नाही. माथ्यावर तिने इंजिन बंद केलं आणि हातमोजा काढून माझ्या गरम झाकणावर हात ठेवला.

खाली आल्यावर इयन एवढंच म्हणाला, "शेडमध्ये हिला जागा करा रे."

त्यानंतर पाच हिवाळ्यांत त्या चढावरून मी अकरा माणसं खाली आणली. मित्रांनो, एखादी वस्तू निकामी म्हणून टाकण्याआधी एवढं पाहा, तुम्ही सांगता त्या कामाजोगं तिला कुणी कधी केलं होतं का? माझ्यासाठी तेवढे कष्ट घेणारा माणूस मला भेटला. मी त्यांची ऋणी आहे.