बी. ए. (नापास)

मी एक पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे, दारावरची. धामणगाव बढ्याला बसमधून उतरून कुणालाही विचारा, "नापासाचं घर कोनतं?" लहान पोरसुद्धा बोट दाखवील. ते घर माझं.

माझा जन्म इंग्रजी अमदानीतला. मोतीराम सुतार किसनरावांच्या घराचं दार करत होते, त्यातून उरलेली सागाची फळी म्हणजे मी. जायची चुलीत, पण नशिबी विद्या होती.

किसनराव शेतकरी माणूस. त्यांचा मुलगा भगवंता नागपूरला शिकला आणि थेट बी. ए.च्या परीक्षेला बसला. इंग्रजीत गचकला. निकालाची तार आली तशी घरात चूल पेटेना. शेवटी किसनरावच उठले. "नापास झाला त झाला! बी. ए.च्या परीक्षेले बसला त होता! पंचक्रोशीत दुसरा कोन बसला, सांगा!" त्यांनी त्याला आणायला मलकापूर स्टेशनावर बैलांची दमणी पाठवली, वेशीपासून वाजंत्री लावली आणि माझ्यावर झोकदार अक्षरांत लिहून घेतलं: भगवंतराव किसनराव, बी. ए. (नापास).

हसू नका. त्या काळी तीही एक पदवीच होती, लोक लग्नपत्रिकेवर छापत. मॅट्रिक झालेला माणूस माझ्यासमोर आला की टोपी नीट करायचा. वरवट बकालचे इंद्रभान पाटील लेकीसाठी स्थळ पाहायला आले, ते मला पाहूनच खूश झाले आणि अन्नपूर्णाबाई या घरात आल्या. मी तर म्हणते, ते लग्न मीच जमवलं.

मग इंग्रज गेले, महाराष्ट्र झाला, गावात हायस्कूल आलं. पास झालेले बी. ए. सायकलवरून फिरू लागले आणि माझा भाव उतरला. भगवंतरावांची मुलगी पुष्पा खामगावच्या कॉलेजात शिकत होती. तिला आपल्या मुलासाठी पाहायला अमरावतीहून वामनराव नावाचे गृहस्थ आले. दारातच थबकले, मला वाचलं आणि पोट धरून हसले. "अहो, नापास झालेलं कोनी पाटीवर लिहिते काय?"

पाहुणे चहा पिऊन गेले. भगवंतरावांचा कप तसाच होता. ते हातोडी घेऊन स्टुलावर चढले. ज्या माणसाचं नाव इतकी वर्षं मिरवलं, त्यालाच माझी लाज वाटली. मी रडले असते, पण लाकडाला ती सोय नाही.

"काऊन काढता, बाबा?" पुष्पा खालून ओरडली.

"तुह्या लग्नाच्या आड येऊन राह्यली हे."

"पाटी नोका काढू. परीक्षा द्या. मी यंदा बी. ए.ले बसून राह्यली, तुमीबी बसा."

"अन् पुन्हा नापास झालो त?"

"त पाटीवर 'दोनदा' लिहू!"

आत अन्नपूर्णाबाईंना हसू आवरेना. भगवंतराव खाली उतरले.

तो हिवाळा मी विसरणार नाही. पुष्पा दर रविवारी खामगावहून यायची, आणि माझ्या शेजारच्या ओसरीवर बाप विद्यार्थी आणि लेक मास्तरीण. कपाशीच्या वेचणीला गेले तरी भगवंतराव इंग्रजी पाठ करत बांधावरून फिरायचे. गडी म्हणायचे, मालक बैलांशी साहेबासारखं बोलून राह्यले. मला मात्र धास्ती होती. हे पास झाले की माझ्यावरचं अक्षर खरवडलं जाणार. तरी मी देवाला म्हणत होते, खरवडू दे बापा, पण माझा माणूस पास होऊ दे.

उन्हाळ्यात निकालाचं वर्तमानपत्र मलकापूरच्या बसनं आलं. पुष्पाचा नंबर दुसऱ्या वर्गात चटकन सापडला. भगवंतरावांनी चष्मा लावला. पहिला वर्ग वाचला, दुसरा वाचला आणि पेपरची घडी घातली. "नाही माहा नंबर. गेलं."

अन्नपूर्णाबाईंना अक्षरओळख नव्हती, पण नजर पक्की. "खाली अजून छापेल हाये ना? तेबी वाचा!"

"ते थर्ड क्लास हाये."

"मंग? थर्ड क्लासचा डबा मुक्कामाले पोचत नाही काय?"

पुष्पानं घडी हिसकून उघडली आणि अशी किंचाळली, की शेजारचं कुत्रं पळालं. नंबर तिथं होता! भगवंतराव पायरीवर बसले आणि सगळ्या आळीदेखत रडले. मंजुळाबाई शेजारणीनं गूळ वाटायला घेतला.

चार दिवसांनी पेंटर आला, हातात पातं घेऊन. "नापास खरवडू ना, साहेब?"

भगवंतरावांनी त्याचं पातं बाजूला सारलं. "हात नोको लावू त्याले. ते काय खोटं हाये? त्याच्या पुढं लिही."

म्हणून आज माझ्यावर आहे: बी. ए. (नापास, मग पास). वामनरावांचा नंतर होकाराचा निरोप आला होता. पण पुष्पानं आधी हायस्कुलात नोकरी धरली, लग्नाचं नंतर पाहू म्हणाली. तिची नवी पाटी माझ्या शेजारी लागली आहे. एका दमात पास झालेली, त्यामुळे जरा तोऱ्यात असते.

मी आता पुष्कळ विटले आहे, कडा उलल्या आहेत. पण मॅट्रिकचा निकाल लागला की एखादं उतरलेलं तोंड दारासमोर थांबतं, मला एकदा वाचतं, पुन्हा वाचतं आणि कडी वाजवतं. आतून भगवंतराव विचारतात, "कोनत्या विषयात?"

तुमच्याही घरी कुणी नापास होऊन तोंड लपवून बसलं असेल, तर त्याला रागावू नका. आधी जेवू घाला आणि मग आमच्या गावाच्या बसमध्ये बसवून द्या. घर कुठलं, ते कुणीही सांगेल.