निकाली चेंडू

खोटं खेळणारं माणूस दिसलं की माझं डोकं फिरतं. जन्मभर शाळेत पोरींना बेसबॉल शिकवला, त्याचा हा परिणाम. म्हणून होटगीचा रत्नदीप घरी येऊन म्हणाला, "मॅडम, बेसबॉलवर सिनेमा काढतोय, नट नकोत, खरे खेळाडू पाहिजेत, निवड तुम्ही करा," तेव्हा मी त्याला दुसरा चहा दिला. एरवी माझ्याकडे पाहुण्याला एकच मिळतो.

रत्नदीप पुण्याला कॅमेरा शिकून आलेला. कुणी निर्माता दारात उभा करेना, तेव्हा त्यानं लोकवर्गणी काढली. मोबाइलवरून चार ठिकाणचे हौशी लोक देतील असा त्याचा हिशोब होता. दिली ती अख्ख्या मैंदर्गीनं, कारण शूटिंग गावच्या जत्रेच्या मैदानात होणार होतं. आता मैंदर्गीला वर्गणी ठाऊक ती एकच, जत्रेची. ती दिली की कुस्तीच्या फडात पुढं बसायचा मान मिळतो आणि कुस्ती पटली नाही तर थांबवायचा हक्कही. ही गोष्ट पुण्याला शिकवत नाहीत.

निवड सोलापूर शहरात, जुळे सोलापूर भागातल्या एका मोकळ्या मैदानावर ठेवली. 'कुणीही यावे' असं लिहिल्यामुळे कुणीही आलं. बँकेतले एक साहेब पांढरे कपडे घालून, पायाला पॅड बांधून आले आणि स्टंप कुठायत म्हणून मलाच रागावले. एका पैलवानानं बॅट गदेसारखी खांद्यावर घेऊन आधी फोटो काढून घेतला. नाटकात काम करणाऱ्या एका ताईंनी फटका मारल्याचा असा काही अभिनय केला, की चेंडू केव्हाच मागं जाऊन पडला तरी त्या हात हलवत धावतच होत्या. मी सगळ्यांना सरबत पाजून वाटेला लावलं. उरल्या माझ्याच पोरी, आणि त्यांत दानेश्वरी.

दानेश्वरी मैंदर्गीची. शाळेपासून माझ्या हाताखाली, आता राज्याच्या संघात कॅचर. बॅट घेतलेलीच्या मागं उकिडवं बसायचं आणि येईल तो चेंडू धरायचा, हे कॅचरचं काम. त्यासाठी तोंडावर जाळीचा मास्क लागतो, आणि त्या मास्कनंच पोरीचा घात केला. राज्य स्पर्धा जिंकली तेव्हा पेपरात फोटो आला, तो मास्कातला. तिच्या आईनं, निंगव्वानं, पेपर जवळ धरला, लांब धरला.

"ह्यात तू कुटं हायस?"

लेकीनं बोट ठेवलं.

"ही व्हय? ही कुनाचीबी पोर असंल की."

निंगव्वा मेंढरं सोडून कधी सामन्याला आली नव्हती, आणि लेक काही धरू शकते यावर तिचा विश्वासही नव्हता. मला एकदा म्हणाली होती, "बाई, हिच्या हातात घागर कदी टिकली न्हाय. घरातल्या समद्या घागरींना पोचं हायत. चेंडू कसला टिकतोय?"

रत्नदीपच्या सिनेमात शेवटी कॅचर मास्क काढून फेकते आणि तिचा चेहरा पडदाभर दिसतो. दानेश्वरीला तेवढंच पाहिजे होतं. "मॅडम, खेळताना माझं तोंड एकदा अव्वानं बघावं की," असं तिनं मला सरळ सांगितलं. अव्वा म्हणजे तिची आई. मी तिला मैदानाला फेरी मारायला लावली.

अडचण एकच होती. त्या शेवटच्या प्रसंगात समोरच्या संघाची पोरगी जीव खाऊन धावत येते, तिला बाद करायला चेंडू कॅचरच्या हातात येतो, आणि सुटतो. संघ हरतो.

"हरण्यातच खरी कला आहे, मॅडम," रत्नदीप म्हणाला. "जी चेंडू सोडून दाखवेल तिचा रोल."

आणि दानेश्वरीला सोडता येईना! माझीच दुसरी एक पोरगी, प्रतिक्षा, धावत यायची, लांबून चेंडू यायचा, आणि दानेश्वरीचे हात आपोआप मिटायचे. रत्नदीप म्हणायचा, सोडा ताई. ती म्हणायची, व्हय. पुन्हा चेंडू हातात. दुसरी एक कॅचर होती, ती छान सोडायची, पण धरायचा असतानाही सोडायची. रत्नदीप तिच्याकडे आशेनं बघायला लागला, तसं मला राहवेना. दानेश्वरीला मी बाजूला नेलं. चेंडू सुटला म्हणून जिला मी वर्षानुवर्षं उन्हात पळवलं, तिलाच आता शिकवत होते, "अगं, बोटं ढिली सोड. सुटू दे. आयुष्यात एकदा माझं नाव घालव."

तेवढ्यात मैंदर्गीचा टेम्पो आला.

निवड बघायला आलेली वर्गणीदार मंडळी खाली उतरली ती थेट पुढं येऊन मांडी घालून बसली. त्यांच्या मध्यभागी वीरभद्रप्पा, जत्रेतल्या फडाचे पंच, हातात पिशवी, पिशवीत नारळ. आणि कडेला, डोक्यावर पदर घेऊन, निंगव्वा! टेम्पोत जागा होती म्हणून आली म्हणे. मेंढरं जावेकडे सोपवून.

दानेश्वरीनं आईला बघितलं आणि घाईघाईनं मास्क चढवला. रत्नदीपनं कॅमेरा लावला. प्रतिक्षा धावली, चेंडू आला, आणि या वेळी दानेश्वरीनं तो सोडला. सोडला कसला, ठेवला. पाहुण्यांपुढं पोह्यांची बशी ठेवावी तसा जपून जमिनीवर ठेवला.

"नूरा!" वीरभद्रप्पा ताडकन उठले. "नूरा कुस्ती हाय ही! ठरवून सोडली!"

झालं. सगळं मैंदर्गी उभं राहिलं. फडात दोन पैलवान आतून ठरवून लढले की गाव असंच उठतं. कुणी टोपी उडवली, कुणी रत्नदीपला विचारलं, समोरच्या पार्टीकडनं काय खाल्लंस? समोरच्या गच्च्यांवर वाळवणं घालणाऱ्या बायका हातातलं काम टाकून कठड्याला आल्या.

"अप्पा, हा सिनेमा आहे," रत्नदीप काकुळतीला आला. "गोष्टच तशी लिहिलीय. चेंडू सुटतो, त्या हरतात."

"हराव की. आमचं काय म्हननं न्हाय. हरनारा लई मोठा असतोय. पन खरं हराव." वीरभद्रप्पांनी पिशवी छातीशी धरली. "खरी पोरं आननार म्हनलास म्हनून गावानं दिलं. आनि पैल्याच दिशी नूरा? परत लावा. निकाली लावा. जी पडंल ती पडंल."

खरं सांगू? मला मनातून गुदगुल्या होत होत्या. इतकी वर्षं मी जे ओरडत आले तेच हा म्हातारा ओरडत होता. पण दानेश्वरीकडे बघितलं आणि हसू विरलं. निकाली म्हणजे खराखुरा खेळ. खऱ्या खेळात ती चेंडू धरणार, आणि धरला की रोल गेला.

"मॅडम, धरला तर?" रत्नदीपनं मला हळूच विचारलं.

"तर धरला," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

प्रतिक्षाला सांगितलं, खरी धाव. लांब उभ्या पोरीला सांगितलं, खरी फेक. मैंदर्गीकर खाली बसले. दानेश्वरी पाय रोवून उभी राहिली. चेंडू निघाला. तिनं मास्कातूनच मान किंचित वर करून आभाळाकडे बघितलं. मला वाटलं, ऊन किती आहे बघतेय. मग प्रतिक्षा घसरत येऊन तिच्या पायांत आदळली, धुळीचा लोट उठला, दानेश्वरीच्या दोन्ही हातांत चेंडू मी माझ्या डोळ्यांनी बघितला, आणि तो निसटून गडगडत रत्नदीपच्या पायाशी गेला.

दानेश्वरी गुडघ्यावर बसली. मास्क ओढून फेकला. तोंडाला माती, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. तिनं आधी चेंडूकडे बघितलं, मग माझ्याकडे, घरात कुणी गेल्यासारखं. मला रडू फुटलं. हो, मला! आयुष्यात पहिल्यांदा एका सुटलेल्या चेंडूसाठी.

वीरभद्रप्पा उठले. टोपी काढून काखेत धरली, मैदानात गेले आणि पिशवीतला नारळ काढून दानेश्वरीच्या ओंजळीत दिला. "खरी हरली पोर," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आमच्या फडात खऱ्या हरलेल्यालाबी नारळ असतोय." टाळ्या पडल्या. गच्च्यांवरूनही पडल्या. रत्नदीप कॅमेऱ्याला मिठी मारून उभा होता आणि बोटानं दानेश्वरीकडे दाखवत होता, हीच, हीच.

गर्दी सरबताकडे वळल्यावर मी तिला गाठलं.

"दाने, खरं सांग."

"सुटला मॅडम. हात घामेजले हुते." डोळे अजून ओलेच. शाळेपासून ओळखते मी तिला. चेहऱ्यावर काहीएक सापडलं नाही. मला वाईट वाटलं, उगाच पोरीवर संशय घेतला.

तिथं निंगव्वा आली. पदरानं लेकीच्या तोंडावरची माती पुसली. आधी एक गाल, मग दुसरा, सावकाश, चेहरा नीट बघून घेत. मग इकडंतिकडं बघून बारीक आवाजात म्हणाली,

"पैल्यांदा लई वाईट पाडलीस. दुसऱ्यांदा जमलं."

दानेश्वरीचं तोंड उघडंच राहिलं. माझंही.

"अव्वा! तुला कसं कळलं?"

"पान्याला जायचा कंटाळा आला की घागर अशीच पाडायचीस. पाडायच्या आदी वर आभाळाकडं बगायचं, जनू काय आपल्याला म्हाईतच न्हाय." निंगव्वानं लेकीच्या डोक्यावर टपली मारली. "पोचं मी मोजल्यात की."

"पन तोंडावर मास्क हुता!"

"मग? मास्क घातला म्हनून मला तू कळायची न्हाईस व्हय?"

दानेश्वरी आता खरी रडायला लागली. मघाचं रडणं आणि हे, दोन्हींतला फरक मला तेव्हा दिसला, आणि खोट्या खेळाचा राग राग करणारी मी, गप्प बसले. पलीकडे वीरभद्रप्पा खऱ्या हारजितीवर भाषण करत होते आणि रत्नदीप मान डोलावत होता.

निंगव्वानं नारळ लेकीच्या हातातून घेतला आणि जवळच्या दगडावर आपटला.

"खा लवकर," तिनं अर्धी वाटी माझ्या हातात कोंबली. "बाई, तुमीबी खावा. अप्पाला कळून परत मागायच्या आत संपाय पायजे."