ट्रेबलचं बटण

मी बोलतोय, दादाच्या पायाशी बसणारा गिटारचा प्रोसेसर. दिसायला लोखंडी पाट, अंगावर पाच खटके आणि चार गोल बटणं. गिटारचा आवाज एका वायरीतून माझ्यात शिरतो आणि सांगाल तसा होऊन दुसऱ्या वायरीतून बाहेर पडतो. कधी घुमतो, कधी लांबतो, कधी खरखरतो. मला स्वतःचं मत नाही. एके काळी याचा मला अभिमान होता.

जन्म कारखान्यातला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईंनी माझ्या आतले सांधे जोडले. मग आठ महिने दुकानातल्या काचेच्या कपाटात काढले. येईल तो माझे खटके दाबून बघायचा आणि "नंतर येतो" म्हणून सटकायचा. दादाने मात्र हात रुमालाला पुसून मला उचललं, ते थेट घरी. तो लेथ मशीनवरचा कारागीर. दिवसभर लोखंडाच्या किंकाळ्या, संध्याकाळी गिटार. त्याची धाकटी बहीण गाते आणि त्याला दादा म्हणते, म्हणून सगळेच दादा म्हणतात. तिचा नवरा ड्रम वाजवतो. तिघांच्या बँडचा हा संसार बावीस वर्षांचा आहे. मी त्यात शेवटची नऊ वर्षं.

गेल्या दीड वर्षात दादाला एक खोड लागली. माझ्या ट्रेबलच्या बटणाला, म्हणजे आवाजाची धार वाढवणाऱ्या बटणाला, तो दर महिन्याला जरा जरा पुढे सरकवायचा. वाजवायचा, मान हलवायचा, पुन्हा सरकवायचा. "आता कसं स्वच्छ येतंय," म्हणायचा. मला कळत होतं. आवाज स्वच्छ होत नव्हता, दादाचे कान जात होते. वरचे बारीक सूर त्याच्यापर्यंत पोचेनासे झाले होते, म्हणून तो ते माझ्याकडून ओरबाडून घेत होता.

बहीण एकदा म्हणाली, "दादा, जरा टोचतंय रे."

"बावीस वर्षं वाजवतोय मी. मला शिकवू नकोस," दादा उखडला. तिच्या नवऱ्याने गुपचूप कानात कापूस घालायला सुरुवात केली.

मग एके दिवशी कार्यक्रम मोठ्या सभागृहात होता. दादा गिटार घेऊन स्कूटरवर पुढे गेला. मी बहिणीच्या गाडीत, मागच्या सीटवर. गाडी सिग्नलला थांबली तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "आजचा झाला की मी गाणं थांबवते. माझा आवाज कुणापर्यंत पोचतच नाही. घशाचे डॉक्टर म्हणतात काही झालेलं नाही, पण मला कळतं ना! गळाच गेलाय माझा. दादाला कार्यक्रम संपल्यावर सांगू."

मी थिजलो. तिचा गळा ठणठणीत होता. ज्या जागेतून तिचा आवाज लोकांपर्यंत जायचा, तिथे माझी धार आडवी पडली होती. हे मला ठाऊक होतं, आणि मला तोंड नव्हतं.

सभागृहात साउंडवाली बाई होती. कमरेला काळ्या टेपचं रीळ, खिशात टॉर्च. दादाचा जुना अ‍ॅम्प्लिफायर पाहताच म्हणाली, "काका, हा स्टेजवर नको. प्रोसेसर सरळ आमच्या सिस्टिमला जोडू. आधी तुमचा आवाज शून्यावर घ्या."

दादाने घेतला. माझ्या पाठीतून वायर निघाली, ती एका चपट्या डबीत गेली आणि तिथून लांबवर तिच्या मिक्सरला, म्हणजे सगळ्यांचे आवाज जुळवणाऱ्या यंत्राला. मी आजवर घरच्या अ‍ॅम्प्लिफायरशिवाय कुणाशी बोललो नव्हतो. तिने हळूहळू आवाज उघडला आणि सगळं सभागृह घूंऽऽ करून घुमू लागलं. दादा दचकला. "हे काय आता?"

"काही नाही, अर्थिंगचा घोळ." तिने डबीवरचा खटका दाबला. घुमणं थांबलं. दादाने सुटकेचा श्वास सोडला. मला सुटका वाटेना, कारण आता सगळं स्वच्छ ऐकू येणार होतं.

दादाने तार छेडली. माणसाच्या उंचीच्या स्पीकरांतून माझा आवाज सुऱ्यासारखा बाहेर पडला. खुर्च्या मांडणाऱ्याने दोन्ही कान झाकले. दादा डोळे मिटून हसत होता. तार थांबली, तरी मागे एक बारीक शिट्टी उरली, सुईसारखी, थांबायचं नावच घेईना.

"काका, शिट्टी येतेय. तार दाबून धरा."

"कुठली शिट्टी?" दादाने विचारलं.

बहीण त्याच्याकडे बघतच राहिली. मग माझ्याशेजारी येऊन उकिडवी बसली. "दादा, आत्ता काय वाजतंय? सांग."

"काही नाही. शांत तर आहे."

शिट्टी वाजतच होती. दादाने तिचा चेहरा पाहिला, मग तिच्या नवऱ्याचा, मग खुर्चीवाल्याचा. आपलं बिंग फुटलं, हे त्याला उमगलं. तो वाकला आणि त्याने माझी वायर उपटायला हात घातला. "ओढू नका, स्पीकर जातील!" साउंडवाली ओरडली आणि तिने आवाज बंद केला.

दादा तिथेच जमिनीवर बसला. "दीड वर्ष झालं, कमी ऐकू येतंय. वाटलं, सांगितलं तर तुम्ही दुसरा गिटारवाला बघाल."

"दीड वर्ष?" तिचा आवाज फुटला. "दादा, दीड वर्ष मी माझ्या गळ्याला दोष देतेय. डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवल्या. आज शेवटचं गाणार होते मी!"

दादाने मला उचलून साउंडवालीपुढे धरलं, वायरीसकट. माझ्या बटणांना तो कुणाला हात लावू देत नसे. "तुम्ही लावा," म्हणाला. "हिला गाऊ दे, आणि हिच्या मागे ठेवा मला."

बाईने ट्रेबल निम्म्याच्याही खाली आणलं. दादाने वाजवलं. त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याला ते गोधडीतून आल्यासारखं वाटलं असणार. पण तो वाजवत राहिला. बहिणीने एक ओळ म्हटली आणि तो आवाज मागच्या भिंतीला लागून परत आला. पुढची ओळ तिला म्हणता येईना, ती रडत होती.

त्या संध्याकाळी ती अकरा गाणी गायली. दादाशी मात्र चकार शब्द बोलली नाही. पुढचे तीन आठवडेही नाही.

आता माझं ट्रेबलचं बटण काळ्या टेपने चिकटवलेलं आहे. दादाच्या कानात यंत्र आलंय. त्यावरही तो कुरकुरतो. मला जी माफी मागायची आहे, ती कोणत्या वायरीतून पाठवू ते मला कळत नाही. वाजवणाऱ्यांनो, माझ्यासारख्यावर विसंबू नका. तुम्ही बटण फिरवाल तिकडे आम्ही फिरतो. शेजारी गाणाऱ्या व्यक्तीला विचारा, आणि ती "टोचतंय" म्हणाली तर उखडू नका.

दादा आता विचारतो. काल तालमीत त्याने पहिलंच गाणं मध्ये थांबवलं, "तुझा आवाज येतोय ना गं तुला?" म्हणाला. तिने हो म्हणून मान हलवली, आणि त्याला दिसावं म्हणून पुन्हा एकदा, सावकाश हलवली.