शहाण्णव गाड्या

"शहाण्णव," मॅडम म्हणाल्या. "काका, शहाण्णव गाड्यांचा फरक येतोय."

"तुमच्या यंत्राला पुन्हा विचारा."

"तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच सांगतंय."

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. डावीकडे माझा आकडा होता. वर्षभरात देशात विकल्या गेलेल्या नव्या गाड्या, एकेचाळीस हजार तीनशे अठरा. उजवीकडे नोंदणी कार्यालयाचा, एकेचाळीस हजार दोनशे बावीस. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आकडे काही हलले नाहीत.

वाहन विक्रेता संघात मी कारकून आहे. एकतीस वर्षं झाली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी दहा वाजता मी फोन जवळ ओढतो आणि देशातल्या दोनशे बारा शोरूमना एकच प्रश्न विचारतो, "गेल्या महिन्यात किती चाव्या दिल्या?" गाड्या किती विकल्या, असं विचारत नाही. तसं विचारलं की ही मंडळी थापा मारतात. महिनाअखेरीला कंपनीने ठरवून दिलेला आकडा गाठायचा असतो, मग गाडी मेव्हण्याच्या नावावर नोंदवतात आणि चावी आपल्याच खिशात ठेवतात. मी तसली गाडी धरत नाही. गिऱ्हाइकाच्या हातात चावी पडली तर गाडी विकली, नाहीतर नाही. समोरचा माणूस आवंढा गिळायला लागला की मला कळतं, मेव्हणा आडवा आलाय.

नोंदणी कार्यालयाचा पक्का आकडा यायला तीन आठवडे लागतात. वर्तमानपत्रांना तेवढा धीर कुठला? म्हणून माझाच आकडा छापून येतो. नव्या गाड्यांची विक्री दोन टक्क्यांनी वाढली, लहान गाड्या मागे पडल्या, उंच गाड्या पुढे गेल्या, विजेवरच्या दुप्पट झाल्या, असं तुम्ही सकाळी चहासोबत वाचता ना, ते माझ्या वहीतून आलेलं असतं. माझ्याकडे स्वतःची सायकलसुद्धा नाही, ही गोष्ट वेगळी. महिन्याला दहा-वीस गाड्यांचं इकडेतिकडे होतंच. वर्षाला मात्र तीन-चारच्या वर फरक कधी गेला नव्हता, कारण मेव्हण्यालाही वर्षभरात केव्हातरी गाडी सोडावी लागते.

आणि आता एकदम शहाण्णव.

"मागच्या वर्षी किती विकल्या होत्या?" मी विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारलं.

"एकेचाळीस हजार दोनशे साठ. म्हणजे तुमचा आकडा धरला तर यंदा अठ्ठावन्नची वाढ. त्यांचा धरला तर अडतीसची घट." मॅडमनी आवाज खाली आणला. "अध्यक्षांनी परवा पत्रकारांना बोलावलंय. दोन वर्षं बाजार पडत होता, आता सावरला, असं भाषण तयार आहे त्यांचं. काका, आपण खाली बारीक अक्षरात लिहू, आकडे तात्पुरते आहेत म्हणून. कोण वाचतंय?"

"मी वाचतो."

संघात संगणकाचं काम बघणाऱ्या ह्या मॅडम तशा चांगल्या आहेत. माझ्या मुलीच्या वयाच्या. पुढच्या वर्षी माझ्या फोनच्या जागी त्यांचं यंत्र येणार, तरी त्यांनी कधी टेंभा मिरवला नाही. "उद्या संध्याकाळपर्यंत शोधा," म्हणाल्या. "त्याच्यापुढे मला थांबता येणार नाही."

तुम्ही म्हणाल, शहाण्णव गाड्यांसाठी एवढा जीव काय खाली-वर करायचा? गाड्यांसाठी नव्हताच तो. मला माझ्या डोक्याची भीती वाटत होती.

माझा थोरला भाऊ, दादा, टपालखात्यात होता. अख्ख्या गावातली घरं त्याला नंबरासकट पाठ. साठाव्या वर्षी त्याचे आधी घरांचे नंबर गेले, मग गल्ल्या, मग माणसं. एका दुपारी तो भलत्याच घरात शिरला, चपला काढून खुर्चीवर बसला आणि पाणी मागितलं. भली माणसं होती, त्यांनी पाणी दिलं आणि आम्हाला कळवलं. मी आणायला गेलो तर मलाच विचारतो, "तुम्ही कोणाकडे आलात?" वहिनी पुढे पाच वर्षं त्याच्यामागे सावलीसारखी फिरली.

मलाही यंदा साठावं लागलं. आणि दोन महिन्यांपूर्वी मी सुट्टीच्या दिवशी कार्यालयात गेलो होतो. डबा घेऊन, व्यवस्थित भांग पाडून. दाराला कुलूप बघून पाव तास उभा राहिलो, सगळे कुठे गेले म्हणून. घरी येऊन बायकोला हसत हसत सांगितलं. तीही हसली, पण नेहमीपेक्षा जरा उशिरा.

त्या संध्याकाळी मी बाराही वह्या घरी आणल्या आणि जेवणाच्या टेबलावर पसरल्या. तीनदा बेरीज केली. बेरीज बरोबर होती. म्हणजे चूक त्याच्या आधीची. तिकडून सांगितलं एक आणि मी ऐकलं भलतंच, किंवा ऐकलं बरोबर आणि लिहिताना हात घसरला. एकदा नाही, वर्षभर घसरत राहिला आणि मला पत्ता नाही. दादाचंही असंच होतं, त्याला कधी पत्ता नव्हता.

"अहो, वह्या उचला. ताट कुठे ठेवू, डोक्यावर?" बायको म्हणाली.

मी वह्या उचलल्या. तिने वाढलं, समोर बसली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "काल काय भाजी होती हो?"

परीक्षा आहे हे मी ओळखलं. "कोबी," म्हटलं. "आणि मीठ कमी होतं."

"मीठ बरोबर होतं."

"कमी होतं."

"बरं, होतं कमी," ती म्हणाली आणि तिच्या चेहऱ्यावर जरा रक्त आलं. पण त्या रात्री आम्ही दोघंही झोपल्याचं सोंग घेऊन पडून होतो.

दुसऱ्या दिवशी मी नोंदणी कार्यालयात जाऊन बसलो. ते आपल्याला नुसती एकूण बेरीज पाठवतात. कुठल्या शोरूमच्या किती गाड्या, ही यादी हवी असेल तर जाऊन हातापाया पडावं लागतं. तिथला कारकून माझ्याइतकाच जुना. "आकडेकाका, तुम्ही स्वतः?" म्हणाला. "काय आभाळ कोसळलं?"

"कोसळलंय की नाही तेच बघायला आलोय."

त्याने यादी दिली आणि एक पट्टीही दिली. मी पट्टी ओळीखाली धरायचो, इकडे बाराही वह्यांतली त्या शोरूमची बेरीज बघायचो. पहिली ओळ जुळली, दहावी जुळली. पन्नासाव्या ओळीपर्यंत एकही चूक नव्हती. शंभर झाल्या. माझं काही चुकतच नव्हतं, आणि मी प्रत्येक ओळीला चूक निघणार म्हणून दात आवळत होतो. एकशे सदतिसाव्या ओळीला माझ्या बेरजेत होते शहाण्णव. यादीत होतं शून्य.

मी सगळी यादी शेवटपर्यंत तपासली. राहिलेल्यांत एकाही गाडीचा फरक नव्हता. दोनशे अकरा शोरूम, आणि एकही चूक नाही. एकतीस वर्षांत इतकं बिनचूक कधी जुळलं नव्हतं. मग मी बाराही वह्यांत एकशे सदतिसाव्याची ओळ नीट बघितली. दर महिन्याला आठ. बारा महिने, आठ, आठ, आठ. माझ्याच अक्षरात, स्वच्छ.

हे पुलाजवळचे शेठ. आम्ही कधी भेटलो नव्हतो, पण मी नोकरीला लागलो तेव्हापासून त्यांचा आवाज ओळखतो. आकडा सांगून झाल्यावर एखादं वाक्य जोडायची त्यांना सवय. "लोकांना आता गाडीत बसायचं नाहीये आकडेकाका, गाडीवर चढायचंय," असं म्हणायचे. मेव्हण्याची गाडी त्यांनी कधी खपवली नव्हती. मग मनात आलं, शेठ शून्यच सांगत असतील आणि मीच सवयीने आठ लिहीत असेन तर? जुन्या आवाजाला जुना आकडा. दादाही शेवटी शेवटी सगळ्यांना एकाच पत्त्यावर पाठवायचा.

फोनवर विचारण्यासारखी ही गोष्ट नव्हती. मी बस पकडली. दोन तास लागले.

पुलाजवळ शोरूम होती. मोठी काच, लख्ख पुसलेली. वर कंपनीच्या पाटीचे नुसते खिळे राहिले होते. आत गाडी नव्हती. एक टेबल, दोन खुर्च्या, फोन आणि कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले सत्तरीचे एक गृहस्थ.

"गाड्या नाहीत हो आता," ते म्हणाले.

"शेठ, मी संघातून आलोय."

ते उठून उभे राहिले. "आकडेकाका? आवाजावरून वाटायचं तुम्ही चांगले जाडजूड असाल."

बसलो. त्यांनी समोरच्या टपरीवरून चहा मागवला. तो येईपर्यंत आम्ही हवापाण्याचं बोललो. मग मी नेहमीच्या आवाजात विचारलं, "शेठ, गेल्या वर्षभरात किती चाव्या दिल्या?"

शेठनी कप खाली ठेवला. "एकही नाही."

"आणि मला काय सांगितलंत?"

मी टेबलाची कड घट्ट धरली होती. त्यांच्या उत्तरावर माझं सगळं पुढचं आयुष्य अडकलं होतं, आणि त्यांना त्याची कल्पना नव्हती.

"आठ," शेठ म्हणाले. "दर महिन्याला आठ सांगितलं. खोटं सांगितलं."

मी सुटलो. दुसरा शब्द नाही. इतका मोठा श्वास सोडला की शेठ दचकले. ते मात्र आपलंच सांगत राहिले, मान खाली घालून. लहान गाड्या कंपनीने बंद केल्या. म्हणाले, उंच गाड्या ठेवा, चार्जिंगची सोय करा, शोरूम दुप्पट करा. ह्या वयात कुठून करणार? वर्षाच्या सुरुवातीलाच कंपनीने पाटी उतरवून नेली.

"पहिल्या तारखेला तुमचा फोन आला," शेठ म्हणाले. "सांगणारच होतो. पण तुम्ही विचारलंत, किती चाव्या. चाळीस वर्षांत शून्य कधी म्हटलं नव्हतं हो. जीभच वळेना. आठ म्हणून गेलो. पुढच्या महिन्यात एकदम आठाचं शून्य केलं असतं तर तुम्ही कारण विचारलं असतं."

"विचारलंच असतं."

"म्हणून परत आठ. तुम्ही लिहून घ्यायचात आणि म्हणायचात, बरं शेठ, पुढच्या महिन्यात बोलू. तेवढ्यासाठी मी हा फोन ठेवलाय. घरी सगळ्यांना वाटतं, शोरूम विकायची म्हणून मी इथे येऊन बसतो."

मी भांडायला आलो होतो खरं तर, निदान दोन शब्द सुनवायला. पण मला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. शेठना वाटलं, म्हातारा वेडा झाला. मग मी त्यांना दादाचं सांगितलं, कुलुपाचं सांगितलं, रात्रीच्या बेरजांचं सांगितलं. "तुम्ही खोटं बोललात ह्याचा मला किती आनंद झालाय, ते तुम्हाला कळायचं नाही," म्हटलं.

शेठनी चहाचा कप बाजूला सारला. "म्हणजे माझ्या आठ गाड्या तुमच्या छातीवरून गेल्या," ते म्हणाले. मग त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. "लावा. माझ्यासमोर लावा."

मी मॅडमना फोन लावला. "घट लिहा," म्हटलं. "अडतीसची."

"अध्यक्ष डोक्यावर घेतील कार्यालय."

"घेऊ द्या. आकड्याखाली सही माझी असते, त्यांची नाही."

शेठनी हात पुढे केला. मी रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "बाई, मी पुलाजवळचा विक्रेता बोलतोय. माझ्या बाराही महिन्यांपुढे शून्य लिहा. आणि यादीतून माझं नाव काढा." फोन ठेवला आणि खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "सुटलो बुवा." त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं, हेही खूप दिवसांत नीट झोपले नसतील. निघताना मी म्हटलं, गाड्या नसल्या तरी पहिल्या तारखेला फोन करीन. "दुसऱ्या तारखेला करा," शेठ म्हणाले. "पहिलीला तुम्हाला कामं असतात."

घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. बायको दारातच उभी होती. मी चपला काढायच्या आधी सगळं सांगून टाकलं, यादी, पट्टी, शेठ, फोन.

"थांबा, थांबा," ती म्हणाली. "म्हणजे चूक तुमची नव्हती?"

"नव्हती."

"एकही?"

"दोनशे अकरा शोरूम, वर्षभराचे आकडे. एकही नाही."

ती तशीच वळली. आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. माझे पाचही शर्ट हातावर घेऊन ती खिडकीपाशी येऊन बसली आणि शिवणाच्या डब्यातून बारीक कात्री काढली.

"हे काय आता?"

तिने निळ्या शर्टाची कॉलर उलटी करून दाखवली. आतल्या बाजूला, दिसेल न दिसेल अशा दोऱ्याने, आमच्या घराचा नंबर शिवलेला होता. गल्लीचं नाव, आणि खाली तिचा फोन नंबर. मी दुसरा शर्ट उलटा केला, तिसरा केला. सगळ्यांवर होता. त्या कुलुपाच्या दिवसापासून मी तिचा पत्ता मानेवर घेऊन कार्यालयात जात होतो, दोन महिने.

"मला बोलली नाहीस ती?"

"काय बोलणार होते?" ती म्हणाली. तिने शर्ट मांडीवर नीट पसरले. "उद्या कुठला घालणार?"

"निळा."

"मग आधी निळा."

तिला आता जवळचं नीट दिसत नाही. मी शेजारी बसलो, कॉलर दोन्ही हातांनी ताणून धरली, आणि ती एकेक आकडा उसवत गेली.