कडेनं फोडायचं लाकूड

पाचर बोटभर आत गेली होती आणि तिथंच अडून बसली होती. घणाच्या घावांनी तिच्या डोक्याची कड चेपून बाहेर पसरली होती, आणि पोलाद जिथं ओकच्या ओल्या ओंडक्याला भिडलं होतं तिथं लाकडावर निळाकाळा डाग उमटला होता, शाई सांडल्यासारखा. चारुदत्तनं त्यावर अंगठा घासला. अंगठाही काळा झाला. ओंडका चांगला जेवणाच्या टेबलाएवढा रुंद, आंबूस वासाचा, आणि पाचर त्याच्या बरोब्बर मध्याला. मध्यालाच. चारुदत्तला आज मध्यालाच घाव घालायचा होता.

कुंपणापलीकडचे हेर ड्योर्फलर सकाळीच टोकून गेले होते. "फॉम रांट, हेर देशमाने! इमर फॉम रांट!" कडेनं, नेहमी कडेनं. एवढ्या मोठ्या ओंडक्याच्या काळजाला हात घालायचा नसतो. कडेकडेचे ढलपे काढत आत जायचं, मग काळीज आपसूक सुटतं. झाड त्यांचंच. जानेवारीतल्या वादळात मुळासकट आडवं झालं, त्याचे त्यांनी करवतीनं ओंडके पाडले आणि निम्मे शेजारधर्म म्हणून चारुदत्तला दिले. आणि सोबत नियमही दिले – फोडून रचल्यावर दोन वर्षं शेगडीत घालायचं नाही, रचताना वाऱ्याला वाट ठेवायची, आणि दुपारी एक ते तीन शांतता, तेव्हा घण चालवायचा नाही. इथं जर्मनीत, हेर्त्सोगेनआउराखच्या कारखान्यात पंधरा वर्षं बेअरिंगवरचे ताण मोजणाऱ्या माणसाला लाकडावर घाव कुठं घालायचा ते हे शिकवणार! "या, या, गेनाऊ," हो, हो, अगदी बरोबर, असं म्हणून चारुदत्तनं मान डोलावली होती आणि ते आत गेल्यावर पाचर मध्याला ठोकली होती.

घण डोक्यावर गेला... आई झोपलीय. घण खाली आला.

'आई झोपलीय' – दोनच शब्द, पण तीन वर्षं चारुदत्त त्यांच्यावर जगत होता. दोन हजार चारचा फेब्रुवारी, रविवार. इकडे कार्निव्हलचे दिवस, ऑफिसातल्या बायकांनी इथल्या प्रथेप्रमाणे कात्री घेऊन त्याचा टाय अर्ध्यातून कापला होता, आणि तो किस्सा सांगायला त्यानं इचलकरंजीला दादाला फोन लावला होता. स्वतःच सांगत होता आणि स्वतःच खदाखदा हसत होता. आईला दे म्हणाला. प्रतापदादा म्हणाला, आई झोपलीय. मग तिला सांग हं, तिनं दिलेलाच टाय होता – असं हा म्हणाला, आणि दादा म्हणाला, सांगतो. आई तेव्हा झोपलेली नव्हती. मेंदूत रक्तस्राव होऊन शुक्रवारपासून अतिदक्षता विभागात बेशुद्ध होती. मंगळवारी गेली. बुधवारी, सगळं आटोपल्यावर, दादाचा फोन आला. त्यानं आधी विचारलं जेवलास का, आणि मग सांगितलं. तू तिकडं एकटा, उगाच जिवाला घोर कशाला लावायचा... नाहीतरी तू येऊन काय करणार होतास?

काय करणार होतो? मी आलो असतो, दादा. उभा राहिलो असतो. तिच्या पायाला हात लावला असता. ते माझं मला ठरवू द्यायचं होतंस.

घण. पाचर तसूभरही हलली नाही.

लांब राहणाऱ्याला काही सांगायचं नाही, ही आपल्याकडची माया. देशमान्यांच्याच घरची नव्हे, इथल्या ओळखीच्या प्रत्येक घरातली. कुणाच्या वडलांची बायपास पार पडल्यावर कळलेली, कुणाच्या बहिणीचं मोडलेलं लग्न सहा महिन्यांनी. आणि जो दुखावला जातो त्यानं वर आभारही मानायचे, कारण सगळं त्याच्या भल्यासाठीच केलेलं असतं. चारुदत्तनं आभार मानले नव्हते, पण भांडलाही नव्हता. दर शनिवारी दादा मिस्ड कॉल द्यायचा, हा इकडून फोन लावायचा, हवापाण्याचं बोलायचा. आत मात्र तो थांबला होता. कधीतरी पाळी येईल म्हणून दबा धरून बसला होता. कशाची पाळी ते त्यालाही ठाऊक नव्हतं, आज सकाळपर्यंत.

सकाळी सहाला वल्लरीचा फोन आला. वल्लरी म्हणजे दादाची एकुलती एक लेक. दीड वर्षापूर्वी इथं जवळच एर्लांगेनला शिकायला आली. तू आहेस म्हणून पाठवतोय, असं दादा म्हणाला होता. दोन दिवस पोटात दुखत होतं, ॲसिडिटी समजून पोरगी गोळ्या खात बसली. हॉस्पिटलात नेलं तर अपेंडिक्स फुटलेलं, पू पोटभर पसरलेला. साडेबाराला ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, पण बघू. तिला वॉर्डात हलवताना ती चारुदत्तकडे बघून म्हणाली, "काका, बाबांना सांगू नकोस ना. ते फार घाबरतात."

आणि तेव्हा – खोटं कशाला बोला – चारुदत्तच्या छातीत काहीतरी लख्ख उजळलं होतं. आनंदच होता तो. इतका आयता, इतका निर्दोष सूड! कुणी बोट दाखवू शकणार नाही. पोरीनं स्वतःच घातलेली गळ, दादानंच घालून दिलेला पायंडा. तो कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालायला लागला, तसं नीतानं त्याला बळंच घरी पाठवलं. "फेऱ्या मारून काय होणार आहे? मी थांबते, झालं की कळवते." तिला बिचारीला वाटलं, नवरा काळजीनं हैराण झालाय.

चर्चमध्ये एकचा ठोका पडला. कुंपणापलीकडे खिडकीचा पडदा किंचित सरकला. चारुदत्तनं घण खाली टाकला, कपाळ पुसलं आणि सकाळी कसेबसे फुटलेले चार लहान ओंडके भिंतीशी रचायला घेतले. आवाज न करता, साल वर, तुकड्या-तुकड्यांत फट सोडून. उद्या सांगू, असा तो मनाशी हिशेब मांडत होता. नाही, परवा. आधी विचारायचं, जेवलास का? मग सांगायचं, तुझ्या जिवाला घोर नको म्हणून कळवलं नाही, आणि नाहीतरी तू येऊन काय करणार होतास. तेच शब्द, तोच क्रम. आणि मग ऐकायचं, पलीकडे काय होतंय ते.

सव्वाला खिशात फोन दोनदा वाजून थांबला. दादाचा शनिवारचा मिस्ड कॉल. तिकडे पावणेसहा झालेले, चहा झालेला असणार. फोन लावायचा तर यानंच लावायचा होता, आणि नाही लावला तरी चाललं असतं. त्यानं लावला.

"बोल रे चारू. जेवलास का?"

"जेवायचंय. तू?"

"माझा चहा झाला. तुझी वहिनी गेलीय देवळात. बरं, आमची वाघीण काय म्हणते? कालपासून फोन नाही तिचा."

"झोपलीय," चारुदत्त म्हणाला. "काल आली इकडंच. अभ्यास करून दमलीय."

किती सहज आलं ते! आवाज हललासुद्धा नाही.

"झोपू दे, झोपू दे. झोपेची मोठी शौकीन ती! तुला आठवतंय का, मीनलच्या लग्नात काय केलंन? गाद्यांच्या ढिगात शिरून झोपली, आणि आम्ही आख्खं कार्यालय पालथं घातलं. आई तर विहिरीत गळ टाकायला निघाली होती! आणि शेवटी वरातीच्या वेळी ढिगातनं आवाज – जिलबी संपली का?"

आणि दादा हसला. पोट धरून, मोकळं, शेवटी ठसका लागेपर्यंत. तिकडे आरामखुर्चीत बसलेला, सदऱ्याचं वरचं बटण उघडं, डोळ्यांत पाणी आलेलं, हे सगळं चारुदत्तला इथून दिसलं. हेच हवं होतं. नेमकं हेच. हे हसू आता दादाच्या गळ्यात आयुष्यभर अडकणार – पोटची पोर टेबलावर उघडी पडली होती तेव्हा मी जिलबीवर हसत होतो. सूड पुरा झाला होता. वर काही करायचंच उरलं नव्हतं.

फक्त ते हसू ऐकायला इकडे कुणीतरी उभं राहावं लागत होतं. फोन कानाला लावून, हूं म्हणत, तोंडातून चुकून काही निघू नये म्हणून दात आवळून... चारुदत्त रचलेल्या लाकडांना टेकला.

"चारू? आहेस ना? बरं, ठेवतो. उठली की सांग तिला, बाबानं आठवण काढली म्हणून."

"सांगतो," चारुदत्त म्हणाला.

फोन बंद झाला. कुठं काही वाजत नव्हतं, सगळं गाव दुपारच्या नियमात गप्प पडलं होतं. त्या रविवारी तो टायचा किस्सा सांगून हसत होता, तेव्हा दादाही कुठंतरी असाच उभा होता. ते हसणं तीन वर्षं आपल्या एकट्याला छळतंय असं तो धरून चालला होता. ते दादानं ऐकलं होतं, पुरतं ऐकलं होतं, आणि एकदाही त्याबद्दल बोलला नव्हता.

म्हणून त्याला माफ करायचं? छे. चूक ती चूकच. चारुदत्तनं जुना संताप चाचपून पाहिला, हात घालताच सापडायचा त्या जागी. तिथं तो नव्हता. आणि तो नाही याचाच त्याला भयंकर राग आला. सकाळपासून त्याच्यापाशी एक हत्यार होतं, त्याला धार होती, वजन होतं. आता तिथं चोवीस वर्षांची एक मुलगी होती, भूल दिलेली, पोटात पू झालेली, आणि तास उलटून गेला तरी नीताचा फोन आला नव्हता. डॉक्टर 'बघू' म्हणाले होते. बघू म्हणजे काय? सकाळी हा प्रश्नच त्याला पडला नव्हता.

फोन हातात होता. दादाचा नंबर सगळ्यात वर होता. वल्लरी मेली तर, असं त्याच्या मनात पहिल्यांदाच आलं, आणि चारुदत्तला इतकी भीती वाटली की दादाचा नंबर लावायला की नीताच्या फोनची वाट बघायला आपण उभे आहोत, हेही त्याला कळेनासं झालं.