केसभर उतरलेला नी

मित्रांनो, मी दुरुस्त झालो आहे. पण ही दुर्घटना तूर्त घडलीच नाही असे धरून चालू, म्हणजे मला नीट आत्मवृत्त सांगता येईल.

मी एक जुना सूर आहे. म्हणजे बाजाच्या पेटीतली पितळेची बोटभर पट्टी. भात्याची हवा लागली की मी ‘कोमल नी’ म्हणतो. दुसरे काही येत नाही. खरे तर पेटीत एक कोमल नी आधीच होता. सुस्वभावी, कुणाशीही जमवून घेणारा. पण काकू गाताना त्याच्या केसभर खालीच थांबायच्या.

“उतरतेस तू,” काका म्हणाले. ते पेट्या बनवायचे.

“मी जागेवर आहे. तुमची पेटीच चढलीये.”

भांडण मिटेना, म्हणून काकांनी काकूंच्या गळ्याबरहुकूम मला घडवले आणि मला वाजवायला वर बोटांखाली एक जादा काळी पट्टी बसवली. मग सा आणि मी एकत्र वाजलो, आणि जुन्या नीबरोबर होणारी पेटीच्या लाकडाची थरथर थांबली. काकांनी झाकणावर तळहात ठेवून खात्री केली.

“च्यायला,” ते म्हणाले.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले हे एकमेव प्रशस्तिपत्र.

पुढे काकू गेल्या. त्यांचा आवाज कुणी भरून ठेवला नव्हता. त्यातला कोमल नी तेवढा माझ्याकडे राहिला. मग काकांचे कानही गेले. रोज जेवण झाले की ते सा आणि मला धरत, झाकणावर तळहात टेकत आणि लाकूड शांत लागले की म्हणत, “आहे.” पुतण्याला वाटे, काका पचनाबद्दल बोलताहेत.

एकदा भाता फाटला. पुतण्याने पेटी दुकानात नेली. दुरुस्तीवाल्याने भाता चिकटवला आणि मोबाइलवर सगळे सूर तपासले. सगळे हिरवे, मी लाल.

“हा एक फारच पडलाय हो. सरळ करून देतो, तुमच्यासाठी फुकट.”

“द्या की!” पुतण्या म्हणाला. दोघेही भली माणसे. तिथेच घात झाला.

माझ्या टोकावर कानस फिरली. निघालेले पितळ दुरुस्तीवाल्याने फुंकर मारून उडवले. आता पेटीत दोन अगदी सारखे नी आहेत. दुसऱ्याचे काही काम नव्हते, तरी.

घरी काकांनी सा आणि मला धरले. तळहात टेकला. लाकूड थरथरले. त्यांनी हात उचलून पाहिला, तर तोही थरथरत होता.

“पेटी हलतेय का मी?”

“तुम्हीच, काका!” पुतण्या त्यांच्या कानात ओरडला. “पेटी एकदम ओके! मोबाइलवर बघितलीय!”

काकांनी झाकण लावले. हल्ली जेवण झाले की ते थेट झोपतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, पण जरा बेताने घ्या.

सबब, दुकानाच्या फरशीवरील माझा भुगा तातडीने गोळा करून, तो मूळ जागी बसवून, मला पूर्ववत बिघडवण्यात यावे, ही नम्र विनंती. अर्जासोबत नमुना म्हणून काकूंचा गळा जोडणे आवश्यक आहे, याची अर्जदारास कल्पना आहे. तो उपलब्ध नसल्याने ही अट शिथिल करण्यात यावी.