आतून लावलेली कडी

माझ्या नणंदबाई, म्हणजे ताई, एका इमारतीच्या व्यवस्थापक आहेत. वर्षानुवर्षं फुटपाथवर, पुलाखाली झोपलेल्या माणसांना तिथे स्वतःची खोली मिळते. सोबत नर्स, समुपदेशक, आणि बिघडलेल्या नळापासून बिघडलेल्या मनापर्यंत सगळं निस्तरणाऱ्या ताई. खर्च शहर देतं. यंदा तो द्यायचा की नाही, हे महापालिकेच्या समितीच्या दुपारच्या सभेत ठरणार होतं. नाही म्हटलं की इमारतीला टाळं, आणि माणसं पुन्हा पुलाखाली. म्हणून सकाळी समितीच्या अध्यक्ष बाई आणि हिशेब बघणारे एक साहेब पाहणीला आले.

मी बाळाला कडेवर घेऊन मदतीला गेले होते. मदत कसली! जिन्याच्या कठड्यातून बाळाचं डोकं जाईल का, गॅलरीला जाळी का नाही, हेच बघत होते. ताई मला काळजीबाई म्हणतात ते उगाच नाही.

"एक तरी खोली आतून बघू," साहेब म्हणाले.

ताईंनी तिथे राहणाऱ्या सुतारकाकांचं दार वाजवलं आणि दोन पावलं मागे सरकल्या, दाराच्या भिंगातून पूर्ण दिसतील अशा. तिथली रीतच ती. दार वाजवायचं, मागे व्हायचं, थांबायचं.

"काका, समितीची माणसं आलीत. काल बोललो होतो ना?"

"काल हो म्हटलं होतं," आतून आवाज आला. "आज नाही. डोळ्याला डोळा लागला नाही माझा."

"बरं काका. पडा निवांत."

साहेबांनी चष्मा वर सरकवला. "किल्ली असेल ना तुमच्याकडे?"

"आहे. आग लागली किंवा कुणी बेशुद्ध पडलं तर वापरते."

"पैसा शहराचा, आणि शहरालाच दार बंद?"

"तुमच्या घराचं कर्ज बँकेचं असेल ना, साहेब? मग बँकवाला काय थेट स्वयंपाकघरात येतो?"

मी ताईंच्या कानाशी लागले, "उघडा ना, मिनिटभर! काका रागावले तर मी समजूत काढीन."

"बाळाला घट्ट धर," त्या म्हणाल्या. बस्स, एवढंच.

आतून काका गरजले, "मोटारीत झोपायचो तेव्हा पोलीस काचेवर दांडा आपटायचा! ताई बोटानं वाजवते. फरक कळतो का विचारा त्यांना!"

साहेब घड्याळ बघत जिना उतरले. बाई मात्र त्या दारासमोर जरा वेळ उभ्या राहिल्या. मग त्याही गेल्या. मला वाटलं, संपलं. घरी येऊन ह्यांना म्हटलं, "तुमच्या बहिणीनं सगळ्यांना रस्त्यावर आणलं." हे म्हणाले, "लहानपणापासून अशीच आहे ती." यात काळजी होती की कौतुक, कळलं नाही.

दुपारी सभागृहात मी मागच्या बाकावर बसले, दाराजवळ, बाळ रडलंच तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून. साहेब उठले. "खोली पाहता आली नाही. व्यवस्थापकांनी सहकार्य केलं नाही."

बाईंनी माईक पुढे ओढला. "खोली मीही पाहिली नाही. पण बंद दार पाहिलं, आणि त्याची कडी आतून होती. रस्त्यावरच्या माणसाला कुणी उठवलं तर 'आज नाही' म्हणता येतं का? तिथे तो म्हणाला, आणि आम्ही परत फिरलो. आपण पैसे देतो ते याचसाठी, असं मी समजते. साहेबांना आणखी काही बघायचं असेल तर त्यांनी काकांना विचारून वेळ घ्यावी."

सभागृहात हशा पिकला. हात वर झाले. मी मान उंचावून एकेक हात बघत होते. साहेबांचाही झाला, सगळ्यात शेवटी, कोपरातून जेमतेम.

समोर ताई उभ्या राहिल्या, नमस्कार केला आणि लगेच खाली बसल्या. माझ्या शेजारी कुणी अनोळखी बाई बसल्या होत्या. त्यांना मी कोपरानं ढोसलंच.

"त्या दिसतात ना, निळ्या शर्टातल्या? माझी नणंद आहे ती. सख्खी!"